किल्ली, सही आणि कोठीची भिंत

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत सिहोरा येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या या मालिकेत चार शब्द बोलावेत अशी आज्ञा मंडळाने केली, तेव्हा आम्ही संकोचलो. आम्ही साधे बी. ए.; उभे आयुष्य केंद्र सरकारच्या नोकरीत, बदल्यांच्या गावी आणि फायलींच्या संगतीत गेले. वाङ्मयावर बोलावे तर तेवढा अधिकार नाही, आणि कायद्यावर बोलावे तर वकिलीची सनद नाही. म्हणून जे आमच्या घरावरून गेले आहे, तेवढेच आपल्यापुढे ठेवण्याचे आम्ही ठरविले. विषय आहे, चित्रपटाच्या चित्रणासाठी आपले घर देताना घरमालकाने करावयाचा करार.

विषय ऐकून काही मंडळींच्या चेहऱ्यावर स्मित उमटलेले आम्हांस दिसते. सिहोऱ्यात कोण चित्रण करावयास येणार, असे आपल्या मनात आले असेल. येथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. २०२० पासून गाजत असलेली 'पंचायत' ही मालिका भोपाळजवळच्या सीहोर जिल्ह्यातील महोडिया गावी चित्रित झाली. २०२४ साली आलेल्या 'लापता लेडीज' या चित्रपटाचे चित्रणही त्याच जिल्ह्यातले. सीहोर निराळे आणि आपले सिहोरा निराळे, परंतु पुण्या-मुंबईच्या आप्तांना हा भेद ठाऊक नसल्यामुळे, "तुमच्या गावात मालिका झाली ना?" अशी विचारणा आम्हांला कितीदा तरी झाली आहे. तो मान आपला नव्हे, हे आम्ही प्रत्येक वेळी प्रामाणिकपणे सांगतो.

तथापि आपला प्रदेशही या व्यवसायाला परका नाही. भेडाघाटचे संगमरवरी कडे राज कपूर यांच्या 'जिस देश में गंगा बहती है' या चित्रपटाने साठ-एकसष्टच्या सुमारास देशभर पोहोचविले. त्यानंतर 'अशोका' (२००१) आणि 'मोहेंजो दारो' (२०१६) यांनीही तेथेच कॅमेरा लावला. मध्यप्रदेश शासनाने २०२० साली चित्रपट-पर्यटनाचे धोरण जाहीर करून निर्मात्यांना अनुदान देऊ केले. कॅमेरे लहान झाले, मालिका वाढल्या, आणि उभारलेल्या नकली घरापेक्षा माणसे राहिलेले खरे घर अधिक भावते असे कला-दिग्दर्शकांना वाटू लागले. तेव्हा कवेलूंचे छप्पर, मध्ये चौक, चौकात तुळशीवृंदावन, परसात विहीर, अशा घरांचा शोध आता सर्वत्र चालू असतो. अशी घरे कोणाची आहेत? बहुतेक आपल्यासारख्यांची, म्हणजे ज्यांचे घर एका गावी आणि स्वतः दुसऱ्या गावी अशा माणसांची. येथे बसलेल्या कितीतरी कुटुंबांचे एखादे घर कोकणात, देशावर वा वऱ्हाडात कुलूप लावून उभे आहे. म्हणून हा विषय आपल्या कुटुंबांचा आहे, असे आम्ही मानतो.

मित्रहो, या व्यवहाराची सुरुवात मराठी माणसानेच केली. १९१३ साली पडद्यावर आलेल्या 'राजा हरिश्चंद्र' या आपल्या पहिल्या चित्रपटाच्या बाह्यचित्रणासाठी दादासाहेब फाळके यांनी मुंबईबाहेरचे वांगणी हे खेडे निवडले होते. मंडळी आधी पुढे गेली, दादासाहेब मागाहून येणार होते. तलवारी-भाले घेतलेली ही अनोळखी माणसे पाहून गावकऱ्यांना दरोडेखोर आल्याचा संशय आला. पाटलाला वर्दी गेली, पोलिसांनी मंडळींना अडकवून ठेवले. दादासाहेबांनी येऊन आपले यंत्र दाखविले, चित्रण कसे करतात ते समजाविले, तेव्हा कोठे सुटका झाली. या कथेला आपण हसतो. परंतु चूक गावकऱ्यांची नव्हती. ज्यांच्या गावात जावयाचे त्यांना आधी विचारावयास हवे, एवढाच तिचा अर्थ आहे. आणि शंभर वर्षांनंतर जी चूक आमच्या घरी घडली, ती चित्रपटवाल्यांनी केली नाही. ती आम्ही स्वतः केली.

ती हकीगत आता सांगतो.

आमचे वडील येथे शाळामास्तर होते. जोडीला थोडी शेती होती. १९५८ साली त्यांनी हे घर विकत घेतले. माजघरामागे कोठीची खोली होती. तिच्या भिंतीवर ते दरवर्षी गेरूने दोन गोष्टी लिहून ठेवीत: पहिला पाऊस कोणत्या तारखेस पडला, आणि गहू काय भावाने गेला. प्रथम भाव मणाचे होते, पुढे क्विंटलचे झाले. चाळीस वर्षांच्या चाळीस ओळी, दाराजवळून सुरू होऊन खिडकीपर्यंत पोहोचलेल्या. वडील १९९८ साली वारले, आणि त्यानंतर भिंतीवर कोणी काही लिहिले नाही.

२००९ च्या डिसेंबरात मुंबईचे एक युनिट जबलपूर परिसरात चित्रणास आले होते. आमची नेमणूक त्या वेळी जबलपुरास होती. आई डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी नागपूरला दादाकडे गेली होती, आणि सिहोऱ्याच्या घराची किल्ली आमच्याकडे होती. किल्ली ज्याच्याकडे तो मालक, असा आमचा त्या वेळी समज झालेला दिसतो. युनिटचे गृहस्थ आले, घर पाहून हरखून गेले, दिवसाचे पाच हजार रुपये कबूल केले. ज्या माणसाने कार्यालयात "लेखी द्या" या दोन शब्दांवर आयुष्य काढले, त्याने आपल्या घरी तोंडी होकार देऊन किल्ली हातात ठेवली. दादाला कळविले नाही. इंदूरला दिलेली आमची थोरली बहीण, अक्का, तिला तर कळवावयाचे असते हे आमच्या डोक्यातही आले नाही.

चार दिवसांचे सात दिवस झाले. वरच्या तीन दिवसांचे पैसे मिळाले नाहीत, कारण त्याविषयी बोलणेच झाले नव्हते. परंतु ते नुकसान क्षुल्लक. जाताना युनिटच्या लोकांनी, घर फार जुने झाले आहे, एवढे दिवस वापरले तर काही भले करावे, अशा सद्भावनेने आतल्या खोल्या रंगवून दिल्या. कोठीची खोलीही रंगविली. पांढरीशुभ्र.

संक्रांतीला आई परतली. कोठीत गेली, भिंतीवरून हात फिरविला आणि काही न बोलता बाहेर आली. अक्का मात्र बोलली. तिने पैशाचा हिशेब विचारला नाही. ती एवढेच म्हणाली, "मला एकदा विचारलं असतंस, तर मी भिंतीचं सांगितलं असतं." त्यानंतर चार वर्षे भाऊबीजेला आम्हांला इंदूरचे बोलावणे आले नाही.

आता आपण म्हणाल, यात कायदा कोठे आला? येथेच आला. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने बापाच्या मिळकतीत विधवा, मुलगे आणि मुली समान वारस ठरल्या. राहत्या घराची वाटणी मागण्याच्या मुलीच्या हक्काला त्या कायद्यात जी आडकाठी होती, तीही २००५ च्या दुरुस्तीने निघाली. म्हणजे २००९ साली त्या घराचे चार मालक होते, आणि होकार एकाने दिला होता. आम्ही कायदा मोडला हे तर खरेच. पण त्याहून मोठी गोष्ट पुढे उमगली. सहमालकाची सही मागणे म्हणजे त्याला विचारणे, आणि विचारल्याखेरीज त्याला ठाऊक असलेले घर आपल्याला ठाऊक होत नाही. आम्हांला त्या घराचा चौक आणि विहीर ठाऊक होती. भिंत अक्काला ठाऊक होती, कारण वडील लिहीत असताना लहानपणी दिवा धरून तीच उभी राहत असे.

आई २०१४ साली गेली. तिच्या दिवसांत आमचे आणि अक्काचे पुन्हा बोलणे सुरू झाले. आणि २०२२ च्या पावसाळ्याअखेर एका मालिकेसाठी पुन्हा विचारणा आली. या खेपेस आम्ही प्रथम फोन केले ते इंदूरला आणि नागपूरला. अक्का म्हणाली, "द्यायचं की नाही ते मागाहून बघू. आधी त्यांना घर मी दाखवीन." आणि ती आली.

त्या पंधरवड्यात मुंबईकर मंडळींशी जी बोलणी झाली, त्यांतून आम्ही जे शिकलो ते थोडक्यात सांगतो. एका परिचित वकिलांनी सल्ला दिला. उणेपणा राहिला असेल तो आमचा.

पहिली गोष्ट, देणारा कोण आणि घेणारा कोण. सर्व सहमालकांची नावे करारात असावीत. जो येऊ शकत नाही त्याचे मुखत्यारपत्र असावे. दादाने नागपुराहून ते पाठविले. घेणाऱ्याच्या बाजूने सही करणारा माणूस पुष्कळदा नुसता जागा शोधणारा असतो. तो गोड बोलतो, आणि काम संपताच दुसऱ्या गावी जातो. सही निर्मितीसंस्थेच्या अधिकृत व्यक्तीची हवी, आणि त्या अधिकाराचे पत्र जोडलेले हवे. जिल्हा प्रशासनाची परवानगी आहे, असे सांगून कोणी आपल्यावर दडपण आणील, तर नम्रपणे सांगावे की ती परवानगी रस्त्याची आणि बंदोबस्ताची. आमच्या उंबऱ्याची परवानगी आमचीच.

दुसरी गोष्ट, हा भाडेपट्टा नव्हे, परवाना आहे, हे स्पष्ट लिहावे. भाडेपट्ट्याने जागेत हक्क निर्माण होतो. परवान्याने केवळ अमुक काम अमुक काळ करण्याची मुभा मिळते आणि ताबा मालकाचाच राहतो. परवान्याची ही व्याख्या १८८२ च्या सुखाधिकार कायद्यात आहे. तो कायदा १ जुलै १८८२ रोजी प्रथम लागू झाला तो मद्रास, कूर्ग आणि आपल्या मध्यप्रांतात. मुंबई इलाख्याला तो १८९१ साली मिळाला. तेव्हा या एका बाबतीत आम्ही मुंबईकरांच्या नऊ वर्षे पुढे होतो, असे आम्ही त्या तरुण व्यवस्थापकाला ऐकविले, आणि तो हसला. पण त्याच कायद्यात एक खाचही आहे. परवाना घेणाऱ्याने त्याच्या आधारे खर्च करून कायम स्वरूपाचे बांधकाम केले, तर तो परवाना सहजासहजी रद्द करता येत नाही. म्हणून जे उभारले जाईल ते तात्पुरते, आणि शेवटच्या दिवशी काढून नेले जाईल, हे वाक्य करारात असलेच पाहिजे.

तिसरी गोष्ट, दिवस. चित्रणाचे दिवस वेगळे, त्यापूर्वी सजावटीचे वेगळे, आणि मागाहून आवराआवरीचे वेगळे. बोलणे बहुधा फक्त चित्रणाच्या दिवसांचे होते आणि इतर दिवस फुकट जातात. तिन्हींचा दर लिहावा. काम लांबल्यास वाढीव दिवसाचा दर लिहावा. किती वाजेपर्यंत काम, किती माणसे, जनरेटरची गाडी कोठे उभी राहणार, वीज कोणाची, विहिरीचे पाणी घेणार की टँकर आणणार, हे लिहावे. रात्रीचे चित्रण असेल तर शेजाऱ्यांना आपण स्वतः जाऊन सांगावे. युनिट आठ दिवसांनी जाते, शेजार जन्माचा असतो.

चौथी गोष्ट, पैसा. मोबदला बँकेतून घ्यावा, आगाऊ भाग किल्ली देण्यापूर्वी घ्यावा, आणि अनामत रक्कम मोबदल्यापासून वेगळी ठेवावी. नुकसानीचा आकडा करारात घालताना मोह आवरावा. १८७२ च्या करार कायद्याच्या ७४ व्या कलमानुसार लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा ठरते. न्यायालय त्याच्या आत वाजवी वाटेल तेवढीच भरपाई देते. आकडा लहान लिहिला तर हात बांधले जातात, आणि अवास्तव लिहिला म्हणून तेवढा मिळत नाही. कामगारास इजा झाली तर जबाबदारी निर्मितीसंस्थेची, आणि तिचा विमा असावा, हेही त्यातच यावे.

पाचवी गोष्ट बहुतेक जण विसरतात. एकदा टिपलेल्या चित्रावर हक्क निर्मात्याचा. घरात काय दाखविले हे न आवडल्यास मागाहून रडून उपयोग नाही. म्हणून आपल्या देवघरात, आपल्या चौकात कोणते प्रसंग होणार त्याचा गोषवारा आधी मागावा. आमच्याकडे एक मद्यपानाचा प्रसंग देवघराच्या ओसरीवर होता. अक्काच्या सांगण्यावरून तो परसात हलविला गेला, आणि दिग्दर्शकाने तक्रार केली नाही. विचारले तर पुष्कळ गोष्टी मिळतात.

सहावी गोष्ट, वादाचे स्थळ. मुंबईहून छापून येणाऱ्या मसुद्यात वाद मुंबईच्या न्यायालयात चालेल असे वाक्य ठरलेले असते. सिहोऱ्याच्या भिंतीचा वाद मुंबईत चालवावयाचा तर भिंतीपेक्षा रेल्वेचे भाडे अधिक होईल. आम्ही त्या जागी जबलपूर लिहून घेतले. दोन दिवस ताणाताण झाली. शेवटी दैनिक दरात आम्ही थोडे उतरलो, आणि जबलपूर आमच्याकडे राहिले. सौद्यात कोठे उतरावे आणि कोठे उतरू नये, हे आधी घरात बसून ठरविले होते म्हणून ते साधले.

आणि सातवी गोष्ट, यादी. घराच्या प्रत्येक खोलीची छायाचित्रे काढून, तारीख घालून, दोन्ही पक्षांच्या सह्यांनी ती कराराला जोडावीत. त्याबरोबर 'हात लावू नये' अशा वस्तूंची यादी द्यावी. ही यादी अक्काने केली. कला-दिग्दर्शक म्हणून आलेल्या मुलीला हाताशी धरून ती घरभर फिरली. बंगईच्या कड्या, जात्याची जागा, वृंदावनाचा ढळलेला चिरा, आईने लावलेला पारिजातक. ती सांगत होती, मुलगी लिहून घेत होती. पन्नास वर्षे त्या घराचे मालक म्हणविणाऱ्या आम्हांस त्यातील निम्म्या गोष्टी त्या दिवशी प्रथम कळल्या.

पाच दिवस ठरले होते, पावसाने सहा झाले. सहाव्या दिवसाचे पैसे, दर लिहिलेला असल्यामुळे, एका शब्दाची बाचाबाची न होता आले. एक कवेलू-रांग फुटली, ती अनामतीतून नवी बसली. जाताना ती मुलगी अक्काच्या पाया पडून गेली. करार झाल्याने माणुसकी आटते, असे म्हणणाऱ्यांस आम्ही हेच सांगतो की आमच्या घरी कटुता आली ती कागद नव्हता तेव्हा, आणि स्नेह जुळला तो कागद होता तेव्हा.

आपल्यापैकी अनेकांच्या घरांची किल्ली आज गावी कोणा चुलत्याकडे, पुतण्याकडे वा शेजाऱ्याकडे असेल. उद्या त्यांच्या दारी कोणी उभे राहील. वाईजवळ मेणवलीचा नाना फडणिसांचा वाडा आणि घाट 'गंगाजल', 'स्वदेस' यांच्या काळापासून या व्यवहाराला सरावला आहे. तेथील लोकांना काय विचारावे ते कळते. आपल्या गावच्या पुतण्याला ते कळेलच असे नाही. म्हणून आमची एवढीच विनंती की या महोत्सवानंतर घरी गेल्यावर भावंडांना एक पत्र लिहा. घराचे मालक कोण कोण, आणि त्या घरात कोणाला काय जपावयाचे आहे, हे एका कागदावर उतरवा. चित्रपटवाले येवोत वा न येवोत, तो कागद वाया जाणार नाही.

शेवटी एक गोष्ट सांगून आपली रजा घेतो. सह्या होण्यापूर्वी आम्ही ती यादी वाचून पाहिली. अक्काने शेवटची ओळ स्वतःच्या अक्षरात लिहिली होती: "कोठीची पांढरी भिंत. हात लावू नये." पांढऱ्या भिंतीत जपण्यासारखे काय आहे, असे त्या मुलीने विचारले. अक्काने तिला कोठीत नेले आणि कितीतरी वेळ तेथे उभे राहून काही सांगितले. आम्ही बाहेर ओसरीवर थांबलो होतो.

बाहेर येऊन त्या मुलीने यादीवर सही केली. मग अक्काने केली. आणि त्याखाली आम्ही केली.